सातव्या नंबरची घंटी

मी मोजणी खात्यातला माणूस. सगळी नोकरी घोडेगावच्या कचेरीत गेली. दोन भाऊ बांधावर उभे राहून एकमेकांचा उद्धार करत असले तरी आपण शांतपणे साखळी टाकायची, आकडा काढायचा आणि कागदावर उतरवायचा. जे मोजता येत नाही त्याच्या भानगडीत मी सहसा पडत नाही. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची तर मी भर चावडीवर टर उडवलेली आहे. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल गैरसमज नको.

गेनूभाऊ गेले ते जानेवारीत, आळेफाट्याला, स्वतःच्या घरात, अंथरुणात. वय झालं होतं. दहाव्याला आम्ही सायकलवाले त्यांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानापुढे उभे होतो. शटर अर्धं वर होतं आणि आत तारेला ओवून ठेवलेल्या जुन्या घंट्या दिसत होत्या. कोणीतरी आत जाता जाता सवयीनं त्यातली एक वाजवली. आम्ही सात-आठ जण बोलत होतो ते एकदम थांबलो आणि कोणी कोणाकडे बघेना. पलीकडे नाशिकची एसटी लागली होती, कंडक्टर ओरडत होता, ट्रकवाल्यांची ठोकाठोक चालू होती. तेवढ्या गोंगाटात आम्ही पुढची घंटी वाजते का, याची वाट बघत उभे राहिलो. ही सवय आम्हाला गेनूभाऊंनी लावली.

त्यांचं दुकान स्टँडपासून दोन मिनिटांवर, दोन गॅरेजच्या मध्ये दाबून बसवल्यासारखं. माणूस बारीक, उंच, आणि बोलताना तुमच्याकडे नाही तर तुमच्या खांद्यावरून मागं बघणारा. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढताना ते डोळ्यांनी बघत नसत. चाक फिरवायचे, पान्यानं एकेका तारेला टिचकी मारायचे आणि मान कलती करून ऐकायचे. कुठली तार ढिली ते त्यांना आवाजावरून कळे. रस्त्याकडे पाठ करून बसलेले असताना मागून सायकल गेली की घंटीवरून ते नाव सांगत. आळ्याचा पोस्टमन, राजुरीचा दूधवाला, कोण कोण. माझा यावर विश्वास नव्हता. म्हणून एकदा मी ओतूरच्या कांतीशेठची सायकल मागून घेतली आणि दुकानावरून घंटी वाजवत गेलो.

कांतीशेठ म्हणजे ओतूरच्या पेठेतले कापडवाले. तीन पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेलं घर, बोलणं मात्र आमच्याइतकंच इथलं. त्यांच्या घंटीच्या वाटीला बारीक चीर गेलेली होती, त्यामुळे ती बसक्या आवाजात वाजायची. गेनूभाऊंनी फुकटात नवी बसवून देतो म्हणून कितीदा सांगितलं होतं, पण शेठ ऐकत नसत. मी वाजवत गेलो तेव्हा गेनूभाऊ पंक्चर घासत होते. मान न वळवता म्हणाले, "सायकल शेठची. माणूस शेठ न्हाई. शेठ इतक्यांदा वाजवत न्हाईत." मी पुढं जाऊन चहा प्यालो आणि मुकाट्यानं सायकल परत केली.

दर वर्षी गणपती उठले की आठवड्याभरात गेनूभाऊ दहा-बारा जणांना घेऊन सायकलवर समुद्राला जात. आळेफाट्याहून निघायचं, ओतूर, मढ करत माळशेज घाट उतरायचा, मुरबाड, कल्याण, आणि पुढं खाडीच्या कडेकडेनं पाणी दिसेपर्यंत. जाऊन येऊन पाच दिवस. गटाला नाव नव्हतं, वर्गणी नव्हती, टोप्या आणि बॅनरही नव्हते. गेनूभाऊ सायकल तपासून 'चालंल' म्हणाले की तुम्ही गटात.

वाटेत अडचणी यायच्याच. चेन तुटे, रिम वाकडी होई, समोरचा वारा असा की पायडल मारूनही सायकल जागेवर. अशा वेळी गेनूभाऊंचा एकच नियम होता. काहीही बिघडलं की सगळ्यांनी उतरायचं, सायकली आडव्या टाकायच्या आणि आधी बसायचं. हत्याराला हात नंतर. ते पिशवीतून शेंगदाणे-गूळ काढत आणि वाटे करत. कोणी घाई केली की म्हणत, "आधी बसा. सायकल मोडली तर सायकल मागं ऱ्हाईल. माणूस ऱ्हायला न्हाई पायजे." माझी रिम मुरबाडच्या अलीकडे खड्ड्यात आपटून चेपली, त्या दिवशी मी जवळजवळ रडकुंडीला आलो होतो. घरी परत जातो म्हणून जीप थांबवायला निघालो होतो. त्यांनी मला हाताला धरून बसवलं आणि दाणे दिले. अर्ध्या तासानं दगडावर ठोकून ठोकून रिम फिरेल एवढी सरळ केली. दाणे खाताना माझ्या लक्षात आलं की वाटे मोजून माणसांपेक्षा एक जास्त आहे. तो एक पळसाच्या पानावर जरा बाजूला ठेवलेला होता. उठताना तो तिथंच राहिला. मी विचारलं नाही, कारण का ठेवला ते तोवर मला कळलेलं होतं. ते कसं कळलं, तो माझ्या मूर्खपणाचा भाग आहे.

प्रत्येक थांब्यावर गेनूभाऊ हजेरी घेत. प्रत्येकाला नंबर दिलेला असे. त्यांनी आकडा म्हणायचा आणि त्या माणसानं घंटी एकदा वाजवायची. तोंडानं ओ द्यायला बंदी. घाटात वाऱ्यानं बोलणं फाटतं, घंटी लांबून ऐकू येते, असं त्यांचं म्हणणं. माझं पहिलं वर्ष होतं तेव्हा मला आठ नंबर मिळाला. ओतूरच्या पुढं पहिली हजेरी झाली. त्यांनी पाच म्हटलं, घंटी वाजली. सहा म्हटलं, वाजली. मग सात म्हटलं आणि कोणीच वाजवेना. मला वाटलं, कोणाचं तरी लक्ष नाही, उगाच खोळंबा कशाला. म्हणून मीच वाजवून टाकली.

एकाएकी सगळे माझ्याकडे वळले. कांतीशेठ माझ्या पुढंच उभे होते, त्यांचा चेहरा पार उतरला. गेनूभाऊ मात्र रागावले नाहीत. माझ्या सायकलजवळ आले, घंटीवर तळवा ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "पावणं, ती जागा भरल्याली हाय."

पुढच्या चहाला मला सगळं कळलं. मी येण्याच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट. सात नंबर नामदेवचा होता. नामदेव म्हणजे गेनूभाऊंचा बालमित्र, पुढं दोघांनी सख्ख्या बहिणी केल्या म्हणून साडूही. त्या वेळी गेनूभाऊ सगळ्यांच्या पुढं सायकल चालवत. माळशेजात इतकं धुकं होतं की पुढच्याचं मडगार्ड दिसत नव्हतं. घाटाच्या मध्यावर, शेंदूर लावलेला दगड आहे त्या वळणावर, हजेरी झाली. सातसकट सगळ्या घंट्या वाजल्या. सगळे खाली उतरले आणि पायथ्याला टपरीवर बघतात तर नामदेव नाही. परत वर चढून गेले तेव्हा त्याची सायकल वळणाच्या बरीच वर, कठड्याला टेकवून नीट उभी होती. माणूस तिसऱ्या दिवशी दरीत सापडला.

म्हणजे हजेरीच्या वेळी नामदेव तिथं नव्हताच. मग सात कोणी वाजवली? प्रत्येकानं सांगितलं, मी नाही. दोघांनी देवाची शपथ घेतली. काही जण म्हणू लागले की त्याची त्यानंच वाजवली असेल, गेलेल्या माणसाला वेळेचं काय. गेनूभाऊ यावर कधीच बोलले नाहीत. पुढच्या वर्षीपासून ते सगळ्यांच्या मागं चालवू लागले, स्वतःला शेवटचा नंबर घेतला आणि सात कोणाला दिला नाही. पण म्हणायचे मात्र. सात म्हणायचं, एक श्वास थांबायचं, मग आठ. हा एक श्वास मी दहा वर्षं ऐकला. दुपारच्या लख्ख उन्हात, कल्याणच्या रस्त्यावर ट्रक घोंघावत असतानाही त्या एका श्वासापुरतं अंगावर काटा येई. आठ वाजवायची पाळी माझी असल्यामुळे तो सरळ माझ्यावर येऊन संपायचा.

मोबाईल नुकतेच आले होते, घाटात मात्र रेंज नव्हती, त्या दिवसांतली ही पुढची गोष्ट. त्या वर्षी गटात निमगाव साव्याचे दोघे मावसभाऊ नवे होते, बापू आणि अंकुश. बापूला दहा नंबर, अंकुशला अकरा. अंकुश दूध डेअरीत नोकरीला, अंगानं दणकट, बडबड्या. गेनूभाऊंचा नंबर बारा. सकाळी दहाच्या सुमारास आम्ही घाट उतरायला लागलो तेव्हा धुकं खालून वर येत होतं. पावसाची भुरभुर, बाजूला धबधब्यांचा आवाज आणि समोर नुसतं पांढरं. शेंदराच्या दगडापाशी आम्ही डोंगराच्या बाजूला एकामागं एक थांबलो. मला माझ्या पुढचा माणूस अर्धाच दिसत होता.

हजेरी सुरू झाली. गेनूभाऊंचा आवाज मागून येत होता. सहा वाजली. त्यांनी सात म्हटलं आणि घंटी वाजली.

एकदाच वाजली, पातळ आवाजात. आमच्या रांगेतून नाही, वरून, आम्ही उतरून आलो होतो त्या बाजूनं. मी माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं. ते हँडलवर होते, अंगठा घंटीपासून लांब होता. कोणी हललं नाही. गेनूभाऊ एक नव्हे, चार श्वास थांबले. मग नेहमीच्याच आवाजात आठ म्हणाले. मी वाजवली. नऊ वाजली, दहा वाजली. अकरा वाजली.

बारा मात्र आली नाही. गेनूभाऊंनी सायकल रस्त्यावर आडवी टाकली आणि धुक्यातून चालत पुढं आले. बापूपाशी येऊन थांबले आणि विचारलं, "अंकुश कुठं हाय?"

बापू म्हणाला, मागं आहे. गेनूभाऊ म्हणाले, "मागं मी व्हतो. दहा अन् अकरा, दोन्ही तूच वाजवल्या."

 मग बापूनं सांगितलं. घाटाच्या तोंडाशी अंकुशची चेन उतरली होती. चेन बसवून आलोच म्हणाला, माझी वाजव, नाहीतर म्हातारा सगळ्यांना भिजत बसवेल. धुक्यात गेनूभाऊ त्याच्या बाजूनंच पुढं निघून आले होते आणि दोघांनाही कळलं नव्हतं.

या वेळी आधी बसा कोणी म्हणालं नाही. आम्ही सायकली तशाच टाकून वर पळालो. अंकुशची सायकल कठड्याला टेकवलेली दिसली, चेन नीट बसवलेली. ती बघून कांतीशेठ तिथंच खाली बसले. हात धुवायला अंकुश कठड्याच्या फुटक्या भागातून पलीकडच्या पाण्याकडे गेला होता आणि शेवाळावरून घसरला होता. खाली, दोन पुरुष खोल, कारवीच्या झुडपात अडकला होता, पाय मोडलेला, आवाज बसलेला. धबधब्याच्या आवाजात त्याची हाक कठड्यापर्यंतही येत नव्हती. आम्ही सगळ्या कॅरिअरच्या दोऱ्या एकत्र बांधल्या आणि गेनूभाऊ स्वतः खाली उतरले. आम्हाला उतरू दिलं नाही. अंकुशला वर घेतलं तेव्हा त्याच्या मुठीत कारवीची पानं होती, ती त्यानं टपरीवर पोचेपर्यंत सोडली नाहीत.

त्याला ट्रकमधून टोकावड्याच्या दवाखान्यात पाठवलं आणि आम्ही पायथ्याच्या टपरीवर ओले होऊन बसलो. बापू एका कोपऱ्यात रडत होता. तेव्हा कांतीशेठ उठले. गेनूभाऊंच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले आणि सांगितलं की त्या साली सात त्यांनी वाजवली होती. नामदेव म्हणाला होता, जरा थांबतो, माझी वाजव, गेनूला खोळंबा नको. सगळे गारठले होते. शेठनी सहाची आपली वाजवली आणि सातची त्याची. नंतर बोलायची हिंमत झाली नाही. प्रायश्चित्त म्हणून दर वर्षी यायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. खोटी हजेरी दिलेली ती चिरलेली घंटी शेठनी का बदलली नाही ते मला त्या क्षणी कळलं.

गेनूभाऊंनी त्यांना हाताला धरून बाकावर बसवलं. "शेठ, मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "तवाच ऐकू आलं व्हतं. तुमची घंटी मला वळखू येनार न्हाई व्हय? सहा तुमची, सात बी तुमचीच. ऐकलं, अन् आठ म्हनलो. मलाबी थंडी वाजत व्हती."

  इतकी वर्षं आम्ही समजत होतो की तो एक श्वास गुन्हेगाराला पकडायला ठेवलाय. तो त्यांनी स्वतःसाठी ठेवला होता. नामदेवच्या बायकोसमोर, म्हणजे आपल्या मेव्हणीसमोर, ते पोळ्याला आणि दिवाळीला बसून जेवत होते आणि हे त्यांच्या पोटात होतं. मला त्या माणसाची इतकी दया आली की मी टपरीच्या मागं जाऊन उभा राहिलो.

थोड्या वेळानं शेठनी विचारलं, आजची सात कोणाची होती. गेनूभाऊंनी चहा संपवला. म्हणाले की ती वाजली म्हणून कान उघडा राहिला, नाहीतर अकराला त्यांनी पुन्हा तेच केलं असतं. घंटी ओळखली का, असं शेठनी परत विचारलं. "वळखली," एवढंच म्हणाले आणि पैसे द्यायला उठले.

पुढच्या वर्षी अंकुश लंगडत का होईना, परत आला. गेनूभाऊंनी त्याला सात नंबर दिला. आम्हाला बरं वाटलं. जागा भरली, विषय मिटला, असं मी माझ्या पद्धतीनं कागद बंद करून टाकला. गेनूभाऊ मात्र सात वाजल्यावरही एक श्वास थांबतच राहिले.

त्यांच्याबरोबरची शेवटची फेरी आठवते ती त्यानंतर चार वर्षांनी झालेली. तोवर त्यांचा कान गेला होता. ज्या माणसानं आयुष्यभर कानानं बघितलं त्याला दुकानात आता मोठ्यानं बोलावं लागे. चाकाची तार ते बोटानं दाबून बघत आणि चुकत. घरचे नको म्हणत होते, तरी आले. हजेरीच्या वेळी ते माझ्या शेजारी येऊन उभे राहत आणि घंटी वाजली की मी मान डोलवायची, असं ठरलं होतं. शेंदराच्या दगडापाशी त्या सकाळीही धुकं होतं, पण पातळ. त्यांनी सहा म्हटलं, मी मान डोलवली. सात म्हटलं. माझ्या पुढंच अंकुश होता, त्यानं आपली नवी घंटी जोरात वाजवली. मी मान डोलवली.

आणि मग वरून दुसरी वाजली. तीच, पातळ, एकदाच.

मी आजूबाजूला पाहिलं. बाकीचे पाणी पीत होते, कोणी टायर दाबून बघत होतं. कोणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. गेनूभाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते. नेहमीसारखे खांद्यावरून मागं नाही, थेट.

"किती वाजल्या?"

मी म्हणालो, एकच.

"सायेब, तुमी मोजनीवालं. नीट सांगा."

मी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणालो, "एकच वाजली, भाऊ." म्हातारा माणूस, ओला झालेला, थकलेला. त्याला पुन्हा वर कशाला चढवायचं, त्याचा जीव आता तरी मोकळा होऊ दे, असं मला वाटलं. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. मलाही थंडी वाजत होती.

त्यांनी आठ म्हटलं आणि मी घंटी वाजवली.

हजेरी संपल्यावर त्यांनी सगळ्यांना पुढं व्हायला सांगितलं. म्हणाले, मी येतोच. ते आलेही, अर्ध्या तासानं, टपरीवर बसून दोन कप चहा प्याले आणि उरलेले दिवस आमच्याबरोबर नीट राहिले. पण माझ्या डोळ्यांपुढं ते येतात ते त्या वळणावरचे. बाकीचे उतरून गेले, मी चेन बघायचं निमित्त करून मागं रेंगाळलो. गेनूभाऊ सायकल हातात धरून चढावर पायी निघाले होते. दहा पावलं टाकली की थांबायचे, आपली घंटी एकदा वाजवायचे, कानामागं तळवा धरून उभे राहायचे. मग मान हलवून पुढची दहा पावलं. धुक्यात आधी त्यांची चाकं दिसेनाशी झाली, मग पाठ.

त्यांना वरून प्रत्येक वेळी उत्तर येत होतं. ते त्यांना ऐकू येत नव्हतं. मला येत होतं.